क्षणभराची फट

संगणकाच्या पडद्यावर आपल्याला अक्षरे आणि चित्रे दिसतात. त्यांच्यामागे राहून स्मृतीची वाटणी करणारा, कोणी काय वाचावे आणि कोणी काय लिहावे हे ठरवणारा जो कार्यप्रणालीचा गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. हेलसिंकी येथे शिकत असताना लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभ केलेला लिनक्स हा असाच एक कर्नल होय. असंख्य सर्व्हर आणि अँड्रॉइडचे मोबाइल त्याच्यावर चालतात.

या गाभ्यात २००७ पासून दडलेला एक दोष ऑक्टोबर २०१६ मध्ये उघडकीस आला. त्याचे नाव ‘डर्टी काऊ’. यातील ‘काऊ’चा गाईशी संबंध नाही, ‘कॉपी ऑन राइट’, म्हणजे लिहितेवेळी नक्कल, या पद्धतीच्या इंग्रजी आद्याक्षरांचा तो उच्चार आहे.

एखाद्या ग्रंथालयात दुर्मीळ हस्तलिखित सर्वांना वाचावयास खुले आहे, पण त्यावर लिहिण्यास मनाई आहे, अशी कल्पना करा. वाचकाने लेखणी उचलली की ग्रंथपाल त्या पानाची नक्कल करून त्याच्यापुढे ठेवतो. शंभर वाचकांसाठी शंभर नकला आधीच करून ठेवण्यापेक्षा ही काटकसर शहाणपणाचीच म्हटली पाहिजे. कर्नलही स्मृतीतील पानांच्या बाबतीत हेच करतो.

मात्र नक्कल करणे आणि तिच्यावर लिहिणे या दोन निराळ्या कृती आहेत, व त्यांच्यामध्ये अतिसूक्ष्म कालावधी जातो. हल्लेखोराची आज्ञावली जणू दोन हातांनी काम करी. एक हात संरक्षित फाइलच्या पानावर लिहिण्याची मागणी पुनःपुन्हा करी. दुसरा हात ‘ही नक्कल मला नको’ असे सांगून ती टाकून देई. नक्कल तयार होताच ‘येथे लिहावयाचे आहे’ ही खूण कर्नल पुसून टाकत असे, कारण आता धोका उरला नाही असे तो गृहीत धरी. नेमकी त्याच क्षणी नक्कल नाहीशी झाली, तर कर्नल ते पान जणू केवळ वाचनासाठी पुन्हा शोधी. साहजिकच मूळ पान हाती येई आणि लेखन त्याच्यावरच होई. हजारो प्रयत्नांत एकदा जुळले तरी पुरे. सामान्य वापरकर्ता सगळ्या यंत्राचा धनी होऊ शके. दोन कृतींपैकी कोणती आधी घडते यावर निकाल अवलंबून असलेल्या या अवस्थेला ‘रेस कंडिशन’, म्हणजे शर्यतीची स्थिती म्हणतात.

फिल ओस्टर हे आपल्या सर्व्हरकडे येणाऱ्या वाहतुकीची नोंद ठेवीत असत, म्हणूनच हल्ल्याचे हे साधन त्यांच्या हाती लागले. दुरुस्तीसोबतच्या टिपणात टोरवाल्ड्स यांनी नमूद केले की, ११ वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच ही फट बुजवण्याचा प्रयत्न केला होता, तोही नीट नव्हता, आणि एका प्रकारच्या यंत्रांवर अडचणी आल्याने तो मागे घेतला गेला. तेव्हा ही शर्यत केवळ तात्त्विक होती. पुढे कर्नल बदलत गेला तशी ती जिंकणे सोपे झाले. असा मोकळेपणा या क्षेत्राला भूषणावह आहे. नव्या दुरुस्तीत ती खूण पुसली जात नाही. नक्कल झाल्याची वेगळी नोंद होते, आणि नक्कल जागेवर आहे हे पाहूनच लेखनास मुभा मिळते.

दुरुस्ती झाली, तरी ती प्रत्येक मोबाइलपर्यंत पोहोचली नाही. याच दोषाचा फायदा घेणारी ‘झेडएनआययू’ ही अँड्रॉइडवरील घातक आज्ञावली सप्टेंबर २०१७ मध्ये उजेडात आली. तिच्या बळींपैकी बहुसंख्य चीन आणि भारतातील होते.