देहाचं घड्याळ आणि आपला निर्धार

मागच्या व्याख्यानात आपण निर्धाराविषयी बोललो. आज त्याची एक मर्यादा पाहू. पहाटे जे वजन जड जातं, तेच संध्याकाळी त्यामानाने हलकं वाटतं. असं का?

आपल्या मेंदूत, हायपोथॅलॅमसमध्ये, शरीराचं मुख्य घड्याळ असतं. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून ते रोज जुळवून घेतं. शरीराचं तापमान त्याच्याच तालावर पहाटे सर्वांत खाली जातं आणि संध्याकाळच्या सुमारास वर पोहोचतं. ऊब असलेला स्नायू जोर जास्त लावतो. या घड्याळाची पेशींमधली यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७चं नोबेल मिळालं.

मग पहाटे तालमीत उतरणारे कोल्हापूरचे पैलवान चुकतात का? मुळीच नाही! रोज ठरल्या वेळी मेहनत केली, की त्या वेळेची उणीव बरीचशी भरून निघते. निसर्ग कल देतो, सवय तो वळवते. मात्र सकाळी अंग नीट तापवल्याशिवाय वजनाला हात लावू नये.

पहाटे ढेपाळणाऱ्या मुलांना आम्ही वर्षानुवर्षं आळशी म्हणत आलो. चुकलंच आमचं. घड्याळाचा दोष आम्ही चारित्र्यावर ढकलत होतो.