कबालीच्या हातातले पुस्तक

तमाशाच्या फडात गण झाल्याशिवाय वग उभा राहत नाही, हे नारायणगावच्या राहुट्या पाहत वाढलेल्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. गणात वंदन कोणाला, यावरून खेळ कोणाचा हे ओळखता येते. म्हणूनच भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने देवादिकांची स्तुती बाजूला सारून बाबासाहेबांना वंदन केले. आरंभ बदलला आणि जलसा आपला झाला.

चित्रपटाचेही तसेच असते. पहिल्या पाच-दहा मिनिटांत दिग्दर्शक आपला गण सादर करतो. तो तोंडाने न गाता वस्तूंतून, रंगांतून आणि कपड्यांतून गातो, एवढाच फरक. आपण मात्र त्या वेळी जागा शोधत असतो, नाहीतर घरी चहाचे आधण ठेवायला उठलेलो असतो. मारामारी सुरू झाली की सरसावून बसतो. आज आम्ही वाचकांपुढे अशाच एका आरंभाचा विचार मांडणार आहोत.

चित्रपट आहे ‘कबाली’. दिग्दर्शक पा. रंजित, नायक रजनीकांत. मूळ तमिळ असलेला हा चित्रपट २०१६ च्या जुलैमध्ये लागला आणि हिंदीतही आला. रजनीकांत म्हणजे मूळचे शिवाजीराव गायकवाड, मराठी बोलणाऱ्या घरातले, हे पुष्कळांना ठाऊक आहे. कथा मलेशियातली. इंग्रजांनी रबराच्या मळ्यांवर राबायला नेलेल्या तमिळ मजुरांच्या वंशजांची. कबाली त्यांचा पुढारी, पण टोळीचा म्होरक्याही आणि पंचवीस वर्षे तुरुंगात काढलेला.

चित्रपटाच्या आरंभी तो तुरुंगात दिसतो. आजवरच्या टोळीपटांत असा नायक पहिल्यांदा दिसतो तेव्हा त्याच्या हाती पिस्तूल असते, तोंडात विडी असते, नाहीतर कोणाची तरी मानगूट पकडलेली असते. कबालीच्या हातात पुस्तक आहे. बाहेर त्याच्या सुटकेची धांदल चालू आहे आणि हा शांतपणे वाचत बसला आहे.

ते पुस्तक कोणते? वाय. बी. सत्यनारायण यांचे ‘माय फादर बालय्या’. तेलंगणातल्या मादिगा या अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या एका घराण्याची ही खरी हकिगत आहे. गावकीच्या जाचातून बाहेर पडून हे घराणे रेल्वेच्या नोकरीत शिरले. बालय्यांनी हलकी मानलेली कामे करीत, पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवले. ती मुले प्राध्यापक झाली. लेखक स्वतः रसायनशास्त्राचे प्राध्यापक व प्राचार्य होते.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटेल काय? आपल्या दोन तालुक्यांतून गिरणीत, गोदीत, रेल्वेत कामाला गेलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांची गोष्ट याहून वेगळी नाही. पुस्तकाचे नाव पडद्यावर क्षणभरच दिसते. ज्याला ते वाचता आले, त्याला नायक कोणत्या समाजाच्या बाजूने उभा आहे हे एकही संवाद न ऐकता कळते.

दुसरी खूण कोटाची. तुरुंगातून सुटताना कबाली कैद्याचे कपडे उतरवतो आणि कडक सूट घालून बाहेर पडतो. जुन्या तमिळ चित्रपटांत ‘कबाली’ हे नाव खलनायकाच्या हुजऱ्याचे असे. गालावर चामखीळ, पिळदार मिशा, मालकाने हाक मारली की वाकून उभे राहणे, हे त्याचे काम. रंजित यांनी तेच नाव घेतले आणि त्या नावाला सूट चढवून ताठ उभे केले. पुढे कबाली बोलूनही दाखवतो, की गांधींनी अंगावरचे कपडे उतरवले आणि आंबेडकरांनी कोट घातला, या दोन्हींमागे कारण होते.

ते कारण आपल्या घराघरांत फोटोच्या रूपाने भिंतीवर आहे. ज्यांना धड वस्त्र नेसण्याचीही मनाई होती, त्यांच्या पुढाऱ्याने अंग झाकलेले, नीटनेटके दिसणे हेच बंड होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आया-बहिणींना सांगितले, की लुगडे नेसण्याची जुनी पद्धत सोडा आणि जातीची खूण सांगणारे जाडजूड दागिने टाकून द्या. कपड्यावरून जात ओळखली जाते आणि कपड्यावरूनच ती झुगारताही येते, हे त्यांनी पुरते जाणले होते. कबालीचा सूट पाहून केवळ ‘काय झोकात दिसतोय’ एवढेच म्हणणारा प्रेक्षक निम्मा चित्रपट गमावतो.

अशा खुणा वाचणे ही आपल्याकडची जुनी विद्या आहे. जुन्नरच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी आहेत. तुळजा लेण्यात बारा खांबांच्या गोल रिंगणात स्तूप उभा आहे. तेथे बुद्धाची मूर्ती नाही. तरीही त्या काळच्या उपासकाला समोर कोण आहे हे विचारावे लागत नव्हते. पण खूण वाचणारे उरले नाहीत की काय होते, हेही जुन्नरलाच दिसते. लेण्याद्रीचे सातवे लेणे मुळात भिक्खूंचा विहार. आज तेथे गणपती आहे. दर्शनाला पायऱ्या चढणाऱ्या किती जणांना आपण विहारात आलो आहोत हे माहीत असते?

रंजित यांनी पुढे ‘काला’ काढला. तो २०१८ मध्ये आला आणि थेट आपल्या मुंबईतल्या धारावीत घडतो. त्याच्या पोस्टरवर नायक ज्या जीपवर बसला आहे तिचा क्रमांक आहे ‘एमएच ०१ बीआर १९५६’. बीआर म्हणजे भीमराव रामजी. १९५६ कशाचे साल, हे या अंकाच्या वाचकाला सांगणे म्हणजे त्याचा अपमान करणे होय.

येथवर आम्ही कौतुक केले. आता एक प्रश्न, जो आपल्या घरांत विचारला गेला पाहिजे. कबालीच्या पहिल्या दृश्यात पुस्तक आहे, मग पुढचे दोन तास गोळ्या का झाडल्या जातात? कबाली वाट चुकलेल्या मुलांसाठी शाळा चालवतो हे खरे. परंतु त्याच्या शत्रूंचा निकाल न्यायालयात लागत नाही, तो पिस्तुलानेच लागतो. आणि शेवट काय? त्याच्याच शाळेतला एक तरुण पोलिसांच्या चिथावणीने त्याच्याजवळ जातो, पडदा काळा होतो आणि गोळीचा आवाज येतो. पुस्तकाने सुरू झालेला चित्रपट पिस्तुलाच्या आवाजाने संपतो.

आमच्या मते दिग्दर्शकाने यातून सांगायचे ते सांगितले आहे. ज्या मुलाला शिकवून उभे करायचे त्याच्याच हाती हत्यार द्यायला व्यवस्था टपलेली असते. अन्याय करणारे वेगळेच राहतात. मारणारा आपला आणि मरणाराही आपलाच. बाबासाहेबांनी आपल्याला संविधान दिले आणि बुद्धाचा धम्म दिला. या दोन्हींत ‘भाई’ होण्याला जागा नाही. आपल्या वस्तीतला पोरगा कबालीची चाल उचलतो, चष्मा उचलतो, पायावर पाय टाकून बसायला शिकतो. बसू द्या! पायावर पाय टाकून बसण्याचा हक्कही आपल्याला लढूनच मिळाला आहे. परंतु त्या मांडीवर पुस्तक नसेल तर त्याने अर्धाच कबाली उचलला, आणि तोही घातक अर्धा.

म्हणून आमची विनंती आहे, की हा चित्रपट मुलांपासून दडवू नका. जाणती मुले जवळ घेऊन एकत्र पाहा, मोबाईलवर एकेकट्याने नको. पहिले दृश्य आले की थांबवा आणि विचारा, त्याच्या हातात काय आहे? तो कोट का घालतो? जे घरात बसून कळेल ते विहारात रविवारी चार मुलांना सांगा. त्याच मुलांना एकदा तुळजा लेण्यात न्या, स्तूपासमोर उभे करा आणि हाच प्रश्न विचारा. उत्तरे त्यांची त्यांना शोधू द्या. जयभीम.