काळ्या बोनेटचा रंग आणि आमच्या पोराचा पगार

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. रविवार होता. विहारातली वंदना आटोपून आम्ही घरी आलो, तर ओट्यावर आमच्या गल्लीतल्या वहिनी बसलेल्या. जयभीम झाला, पाणी झाले. वहिनी बोलेनात. शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी विचारले तेव्हा त्यांनी पदर डोळ्याला लावला.

"भाऊजी, पोराचा पगार कापायलेत. म्हणे गाडीचा रंग बिघडवला. एका बोनेटला सहा महिन्यांचा पगार कसा काय जातो, तुम्हीच सांगा."

वहिनींचे मालक वारून बरीच वर्षे झाली. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी या एकुलत्या मुलाला वाढवले. दहावीनंतर तो बीड शहरातल्या एका गॅरेजात डेंटिंग-पेंटिंगचे काम शिकला. आज हातात स्प्रे गन धरली की म्हाताऱ्या मिस्त्रींनीही मान डोलवावी, असा त्याचा हात आहे. अशा पोराने रंग बिघडवला हे आम्हाला पटेना. पण आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. जमा-खर्चाचा मेळ आम्हाला लागतो, रंगाचा कसा लागणार? म्हणून आधी मुलालाच बोलावले आणि सगळे समजून घेतले. जे समजले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले, कारण आपली कितीतरी मुले आज गॅरेजात राबतात.

हे लोखंड नव्हे

एका गुत्तेदाराने पुण्याहून जुनी मोटार आणली होती. गाडी रुपेरी करड्या रंगाची आणि तिच्यावर काळे, विणलेल्या कापडासारखे दिसणारे बोनेट. आधीच्या मालकाने हौसेने मूळ बोनेट काढून हे कार्बन फायबरचे बसवले होते. उन्हाने त्याची चकाकी गेली होती आणि वरचा थर पिवळट होऊन सुटू लागला होता. नव्या मालकाला ते बाकीच्या गाडीसारखे रुपेरी करून हवे होते.

"काका, हे लोखंड न्हाई, हे कापड हाय," मुलगा आम्हाला म्हणाला. ते खरेच आहे. हिवाळ्यात आपण ज्या ॲक्रिलिक लोकरीचे स्वेटर घालतो, त्याच जातीच्या धाग्यापासून बहुतेक कार्बन फायबर बनते. हा धागा आधी दोनशे ते तीनशे अंश उष्णतेत भाजून घेतात. मग हवा लागू न देता हजार अंशांच्या पुढे तापवतात. कोळसा पाडणारे भट्टी मातीने लिंपून घेतात, ती लाकडाची राख होऊ नये म्हणून. तोच न्याय इथे लागू पडतो. धागा जळत नाही, त्याचा कोळसा होतो, आणि हा कोळसा पोलादालाही हार जात नाही. तो विणून, एपॉक्सी नावाच्या राळेत भिजवून, साच्यात दाबला की बोनेट तयार होते. तेवढ्याच आकाराच्या पोलादाच्या तुकड्याचे वजन याच्या जवळजवळ पाचपट भरते.

एडिसनने १८७९ साली विजेच्या दिव्यासाठी सुती धाग्याचा कोळसा करून वापरला होता. पुढे १९६१ च्या सुमारास जपानच्या अकिओ शिंदो यांनी ॲक्रिलिक जातीच्या धाग्यापासून मजबूत कार्बन फायबर करण्याचा मार्ग दाखवला. १९८१ साली मॅक्लारेन कंपनीने शर्यतीच्या मोटारीचा सांगाडाच कार्बन फायबरचा केला, आणि तिथून मोटारींच्या हौशी लोकांना याचे वेड लागले. परंतु आपल्याला अधिक जवळचे उदाहरण डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे आहे. क्षेपणास्त्रासाठी तयार केलेले कार्बनचे हलके साहित्य वापरून त्यांनी हैदराबादला पोलिओग्रस्त मुलांसाठी कॅलिपर करवून घेतले. तीन किलोंचे ओझे पायाला बांधून फरफटत चालणारी मुले तीनशे ग्रॅमच्या कॅलिपरवर चालू लागली. एकच वस्तू कोणाची हौस पुरवते, तर कोणाला पायावर उभी करते.

विहारातल्या मूर्तीने दिलेला धडा

असे बोनेट मुलाने याआधी कधी रंगवले नव्हते. पण फायबरचा एक अनुभव त्याच्या गाठीशी होता. आपल्या विहारातली बुद्धमूर्ती काचेच्या फायबरची आहे. काही वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेच्या तोंडावर त्यानेच ती रंगवली होती, आणि दोन महिन्यांत रंगाचे पापुद्रे निघाले. तेव्हा तो फार खजील झाला होता. नंतर त्याला कारण कळले. फायबरची वस्तू साच्यातून सहज सुटावी म्हणून साच्याला मेण लावतात. ते मेण वस्तूच्या अंगावर राहते आणि मेणावर रंग धरत नाही.

म्हणून या वेळी त्याने आधी साबणाच्या पाण्याने बोनेट धुतले. मग मेण-तेल काढणाऱ्या द्रावणाने पुसले. एका फडक्याने ओले पुसायचे आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचे. एकच फडके फिरवले तर मेण निघत नाही, फक्त पसरते.

जुना थर काढायला पत्र्यावर वापरतात ते रंग सोडवणारे रसायन त्याने घेतले नाही, कारण ते रंगाबरोबर राळही खाते. ग्राइंडरही लावला नाही. ३२० आणि मग ४०० नंबरचा वॉटर पेपर घेऊन हाताने घासले. इथली खूण त्याने आम्हाला सांगितली. घासताना पाणी दुधासारखे पांढरट येते तोवर वरचा थरच निघतो आहे असे समजावे. पाणी काळे झाले की हात थांबवावा, कारण आता धागाच कापला जातो आहे. धागा कापला म्हणजे बोनेटचा जीवच गेला.

विणीत सुईच्या टोकाएवढी छिद्रे असतात. ती बारीक लांबी दाबून भरली नाहीत तर रंगावर फोड येतात. त्यानंतर एपॉक्सीचे अस्तर आणि त्यावर जाड अस्तराचे थर द्यायचे. ते वाळल्यावर लाकडी ठोकळ्याला ६०० नंबरचा पेपर गुंडाळून सपाट घासायचे. ही कामे घाईने केली तर काही महिन्यांनी, बोनेट उन्हात आणि इंजिनच्या धगीत तापले की, खालची वीण रंगातून वर दिसू लागते. म्हणून अस्तर देण्याआधी त्याने बोनेट दोन दिवस आपल्या बीडच्या उन्हात तापू दिले. राळेला जे काही आकसायचे असेल ते आधीच आकसून घेऊ दे, हा त्यामागचा विचार.

शेवटी रंगाचे पातळ थर, प्रत्येक दोन थरांमध्ये दहा-पंधरा मिनिटांची विश्रांती, आणि वर क्लिअरचे दोन थर. मे महिन्यात दुपारी रंग मारला तर तो पसरण्याआधीच वाळतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. म्हणून तो पहाटे पाचला गॅरेजात जाई, जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवी, सावकाश वाळणारे हार्डनर घेई आणि ऊन चढायच्या आत हात धुई. यात निष्काळजीपणा कुठे दिसतो, हे वाचकांनीच सांगावे.

मग रंग जुळला का नाही?

आम्ही मुलाला घेऊन गॅरेजवर गेलो. मालक भला माणूस, पण गुत्तेदाराच्या दबावाखाली होता. बोनेट गाडीवर बसवलेले होते आणि खरोखरच वेगळे दिसत होते. दोन्ही मडगार्ड जरा फिके, मधले बोनेट गर्द. आम्हाला वाटले, संपले आता.

परंतु मुलाने शांतपणे सगळे उलगडले. प्रत्येक गाडीवर कंपनी रंगाचा क्रमांक देते. त्या क्रमांकाप्रमाणे दुकानदार रंग कालवून देतो. तो रंग गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाचा असतो. ही गाडी आठ वर्षे उन्हात उभी होती. तिचा रंग विटला होता. नवा रंग बरोबरच होता, बदलली होती ती गाडी.

शिवाय रुपेरी रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. थर ओला बसला तर कण खाली बुडतात आणि रंग गर्द दिसतो. गन लांबून, कोरडी मारली तर कण वर राहतात आणि रंग उजळ दिसतो. डबा एकच असला तरी हात बदलला की रंग बदलतो. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात फसवतो, तेही वेगळेच.

यावर उपाय दोन. पहिला म्हणजे आधी पत्र्याच्या तुकड्यावर रंग मारून, क्लिअर देऊन, वाळवून तो गाडीला लावून दिवसाच्या उजेडात पाहणे आणि त्याप्रमाणे कालवण बदलणे. दुसरा उपाय असा, की रंग बोनेटच्या कडेला एकदम न तोडता दोन्ही मडगार्डांवर थोडा थोडा विरत न्यायचा आणि क्लिअर पूर्ण मडगार्डवर द्यायचे. मग डोळ्याला सांधा सापडत नाही.

"हे तू आधी का सांगितले नाहीस?" आम्ही विचारले.

"सांगितलं होतं काका. मालकांसमोर सांगितलं. गाडीवाले म्हणले, मडगार्डाचे पैसे देणार न्हाई, फक्त बोनेट कर."

मालकांनी मान खाली घातली. म्हणाले, "सांगितलं होतं त्यानं. खोटं कशाला बोलू?"

तेव्हा आम्ही आमच्या कारकुनी विद्येचा आधार घेतला. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात स्पष्ट होते, की नुकसानीपोटी पगार कापायचा असेल तर ते कामगाराच्या निष्काळजीपणाने झालेले असले पाहिजे आणि कापण्याआधी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. २०१९ च्या वेतन संहितेतही हेच तत्त्व कायम ठेवले आहे. आम्ही आवाज चढवला नाही. इतकेच म्हणालो, की संधी आज मिळाली, म्हणणे मांडून झाले, आता कापायला काय उरले?

गुत्तेदारांना बोलावणे गेले. ते आधी तापले, मग गाडी उन्हात उभी करून स्वतः पाहिले. अखेर असे ठरले, की मडगार्डांच्या रंगाचे पैसे त्यांनी द्यावेत, क्लिअरचा खर्च मालकांनी सोसावा आणि मुलाने एका रविवारची मजुरी सोडावी. ती एका दिवसाची मजुरी सोडायलाही आमचे मन तयार नव्हते. पण मुलगाच म्हणाला, "जाऊ द्या काका, काम पुरं करू द्या." पुढच्या रविवारी गाडी गेली. नेमके कोणते बोनेट बदललेले, ते आम्हाला ओळखता आले नाही. पगार पूर्ण झाला.

वहिनींच्या हातावरची पुरळ

इथे ही हकिकत संपली असती. पण पेढे घेऊन आलेल्या वहिनींच्या दोन्ही हातांवर आम्हाला लाल पुरळ दिसली. धुण्याच्या पावडरीने झाली असेल, असे त्या म्हणाल्या. मुलाचा चेहरा मात्र पडला. बोनेट घासताना उडालेली कार्बनची बारीक कुसळे त्याच्या कपड्यांत अडकली होती आणि ते कपडे आई हाताने धूत होती.

माताभगिनींनो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. फायबर घासणाऱ्याचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत. ते घराबाहेर काढावेत, वेगळे भिजवावेत, वेगळे धुवावेत. घासायचे ते पाणी लावूनच घासावे, म्हणजे कुसळ उडत नाही.

याहून मोठा धोका हार्डनरचा. अस्तर आणि क्लिअर यांत जे हार्डनर मिसळतात, त्यात बहुधा आयसोसायनेट वर्गातले रसायन असते. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये जो विषारी वायू सुटला, तोही याच कुळातला. गॅरेजातले रसायन तो वायू नव्हे, हे खरे. पण फवारा रोज छातीत गेला तर त्यातून दमा जडतो. एकदा का शरीराने त्याचा धसका घेतला, की पुढे थोड्याशा वासानेही श्वास कोंडतो आणि मग पेंटरला आपला धंदाच सोडावा लागतो.

आपली मुले तोंडाला काय बांधतात? रुमाल! रुमालाने धूळही नीट अडत नाही, वाफ कुठली अडणार? त्यासाठी दोन्ही बाजूंना डबी असलेला, रंगाच्या वाफेसाठीचा मास्क लागतो. तो चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो आणि डब्या वेळोवेळी बदलाव्या लागतात. दाढी वाढलेली असेल तर फटीतून वाफ आत जाते. हवा खेळती हवी, हातमोजे आणि चष्माही हवा. खोकला किंवा छातीत घरघर सुरू झाली आणि सुट्टीच्या दिवशी बरे वाटू लागले, तर ती कामाचीच खूण समजून ताबडतोब डॉक्टरांकडे जावे आणि आपण काय काम करतो ते त्यांना सांगावे.

मालकांनी मास्क देतो असे कबूल केले होते. दोन महिने तो आला नाही. शेवटी पहिला मास्क मुलाने स्वतःच्या पैशाने घेतला. तो पाहून गॅरेजातल्या दुसऱ्या पोरानेही मागणी केली, तेव्हा पुढच्या डब्या मालकांकडून येऊ लागल्या.

आणखी एक चांगली सवय त्या गॅरेजात लागली आहे. आम्ही एक साधी वही आखून दिली. कामाला हात लावण्याआधी गाडीचा रंग क्रमांक, किती भाग रंगवायचे, कारागिराने काय सुचवले आणि गिऱ्हाइकाने काय नाकारले, हे लिहून त्याखाली सही घ्यायची. नमुन्याचा पत्रा सहीच्या पानाला टाचून ठेवायचा. पोराच्या हातात कला होती, तोंडात खरे होते, तरी कागद नसल्यामुळे तो जवळजवळ बुडाला होता. मालक खरे बोलले म्हणून तो वाचला. प्रत्येक वेळी मालक खरे बोलतीलच असे नाही.

तेव्हा गॅरेजात, कारखान्यात, बांधकामावर राबणाऱ्या आपल्या मुलांना घरातल्या मोठ्यांनी आज रात्री जेवताना दोनच प्रश्न विचारावेत. तोंडाला काय बांधतोस? आणि कामाचे काय लिहून घेतोस? उत्तर ऐकून पुढचे काय करायचे ते तुम्हाला आपोआप सुचेल.