मालवणच्या समुद्रांत गळ टाकण्यापूर्वीं

बुलढाणा जिल्ह्यास समुद्र नाहीं. आपला पाण्याशीं संबंध विहीर, नदी आणि नळगंगा-खडकपूर्णेसारखीं धरणें यांपुरताच. तथापि सुगी आटोपल्यावर कोंकण पाहण्यास जाणारे शेतकरी आतां आपल्याकडेहि आहेत. मलकापूर किंवा शेगांव स्टेशनावरून मुंबई गांठावी. तेथून 1998 सालीं पूर्ण झालेल्या कोंकण रेल्वेनें कुडाळास उतरावें, म्हणजे मालवण जवळच आहे. तेथील मच्छीमार पाहुण्यांस होडींतून नेऊन गळानें मासे धरावयास शिकवितात. त्यासंबंधीं दोन शब्द.

होडीचा प्रमुख तो तांडेल. पाण्यावर त्याचा शब्द अखेरचा मानावा. निघण्याची वेळ घड्याळावर नव्हे, भरती-ओहोटीवर ठरते. अमावास्या-पौर्णिमेस उधाण येऊन पाण्यास मोठी ओढ असते. अष्टमीच्या सुमारास ती मंदावते, त्यास तिकडे भांग म्हणतात. गळास कोळंबीचा अगर तारलीचा तुकडा लावून शिशाच्या वजनानें दोरी खालीं सोडावी, बोटावर तोलून धरावी आणि झटका लागतांच ओढून घ्यावी. जीवरक्षक जॅकेट अंगावरून काढूं नये.

परंतु शेतकऱ्यानें पाहण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. न नांगरतां, न पेरतां दर्या पीक देतो, असें आपणांस वाटतें. तें खरें नव्हे. बऱ्याच जातींची मासळी पावसाळ्यांत अंडीं घालते. तीच समुद्राची पेरणी. म्हणून अलीकडे दरसाल 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांस मासेमारीची मनाई असते; नारळी पौर्णिमेस नारळ वाहून मग होडी लोटण्याची रीत तर या कायद्याहून पुष्कळ जुनी. या दिवसांत नौकेची कमाई बंद, घरखर्च मात्र चालूच. आपण उपास काढूं, पण बियाण्याची कणगी फोडीत नाहीं. तसेंच हें आहे.

आपल्या गोड्या पाण्यांत हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनें दिसते. कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यांत सहसा अंडीं घालीत नाहींत. त्यांस पुराचें वाहतें पाणी लागतें. 1957 सालीं ओडिशांतील अंगुल येथें हिरालाल चौधरी यांनीं माशांच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्याकडून अंडीं घालविलीं, आणि मत्स्यबीज हुकमी मिळण्याची वाट मोकळी झाली. तळ्यांत बीं विकत आणून सोडतां येतें. समुद्रांत तें कोण आणि किती सोडणार?

यास्तव मालवणास जाणाऱ्या बंधूंनीं मनाईच्या दिवसांत होडी काढण्याचा आग्रह धरूं नये, गळास लागलेलें लहान पिल्लूं जिवंत आहे तोंच परत सोडावें, आणि खाणावळींत गाभोळीचे मासे हौसेनें मागूं नयेत. बीं राखण्याची विद्या शेतकऱ्यास कोणीं शिकवावी लागत नाहीं. ती पाण्यासहि लावावी, इतकेंच.