माल चांगला, पण फळीवर दिसत नाही



पापड कितीही निगुतीनं केले, तरी दुकानाच्या फळीवर दिसल्याशिवाय ते खपत नाहीत, हे बचत गटातल्या आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. पुस्तकांचंही तसंच आहे. आज आम्ही बोलणार आहोत विज्ञानकथांबद्दल. मराठीत त्या चांगल्या लिहिल्या गेल्या आहेत, पण आपल्या गावापर्यंत त्या येत नाहीत.

विज्ञानकथा म्हणजे काय? विज्ञानातली एखादी गोष्ट घ्यायची आणि 'असं झालं तर माणसांचं काय होईल?' असं विचारत कथा रचायची. बंगालच्या बेगम रोकेया यांनी १९०५ साली अशीच एक कथा लिहिली, 'सुलतानाज ड्रीम', म्हणजे सुलतानाचं स्वप्न. तिच्यातल्या देशात कारभार बायका पाहतात आणि पुरुष पडद्यात असतात. स्वयंपाक उन्हाच्या उष्णतेवर होतो, घरात धूर नाही. पाणी थेट ढगांतून काढलं जातं. ही कथा मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात छापून आली होती. चूल आणि पाणी हे तर आपलेच विषय! तरी आपल्यापैकी कितीजणींनी या कथेचं नाव ऐकलंय?

मराठीत १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. खरे लेखक होते खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर. नाव पाहून नव्हे, कथा पाहून निर्णय व्हावा म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं. पुढे त्यांनी 'वामन परत न आला' ही यंत्रमानवाची कादंबरी लिहिली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे यांनीही विज्ञानकथा लिहिल्या.

मग अडतं कुठं? मराठी पुस्तकाची आवृत्ती साधारण हजार प्रतींची, कधी त्याहूनही कमी. ती संपली की दुसरी निघेलच असं नाही. मोठी दुकानं शहरात. एसटी स्टँडवरचा विक्रेता हमखास खपणारा माल ठेवतो: पोथ्या, पाककृती, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. त्यालाही पोट आहे. बऱ्याच विज्ञानकथा दिवाळी अंकांत येतात आणि अंक पुढे रद्दीत जातो. मुखपृष्ठावर रॉकेट दिसलं की पुस्तक लहान मुलांच्या कपाटात जातं, मोठी माणसं तिकडे फिरकत नाहीत. विक्रेता म्हणतो, मागणी नाही. आपण मागत नाही, कारण नावच माहीत नाही. हे चक्र कुठंतरी तोडायला हवं.

ते आपण तोडू शकतो. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. शासनमान्य ग्रंथालयाला अनुदान मिळतं, त्यातून पुस्तकंही घ्यायची असतात. म्हणून ग्रंथपालांकडे पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव लिहून गटाच्या सह्यांनिशी मागणी द्या. एकीची मागणी विसरली जाते, दहाजणींची विसरता येत नाही.

दुसरं, दहाजणींनी वीस-वीस रुपये काढले तर दोनशे होतात. तेवढ्यात एखादं पुस्तक येऊ शकतं. प्रकाशकाकडून यादी मागवा, पुस्तक टपालानं मागवा. वाचून झालं की ग्रामसंघातल्या दुसऱ्या गटाला द्या आणि त्यांचं आपण घ्या. तिसरं, दिवाळी अंकातल्या विज्ञानकथा कापून एका फाइलमध्ये लावा. बैठकीत हप्ते भरून झाले की एकीनं पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचायचं. जिला वाचता येत नाही, तिलाही कथा ऐकता येईल.

आज बचत गटांच्या बायका शेतात फवारणीचे ड्रोन उडवतात. पैशांचे व्यवहार मोबाईलवर होतात. यंत्र आपल्या दारात आलं. पण त्या यंत्रानं उद्या काय भलं होईल, काय बिघडेल, कुणाचं काम जाईल, हा विचार करायला लावणाऱ्या कथा मात्र शहरातच राहिल्या. आपल्या लेकींनी यंत्र फक्त चालवायचं, की त्याला प्रश्नही विचारायचे? प्रश्न विचारायची सवय अशा कथांतून लागते.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात एक ओळ वाढवा: या महिन्यात गटानं कोणतं पुस्तक मागितलं?