भाताची कडा करप्याविरुद्धची जनुकीय प्रतिकारशक्ती

कडा करपा हा भात पिकावरील एक गंभीर रोग असून तो झँथोमोनास ओरायझी या जिवाणूमुळे होतो. पानाच्या कडेची जलरंध्रे किंवा जखमा यांतून जिवाणू आत शिरतो व जलवाहिन्यांत वाढतो. त्यामुळे पाने कडेपासून पिवळी पडून करपतात. भारतात या रोगाची पहिली नोंद १९५१ साली महाराष्ट्रात झाली. खात्रीचा रासायनिक उपाय नसल्याने वाणाच्या अंगभूत प्रतिकारशक्तीला विशेष महत्त्व आहे. ही शक्ती देणारी चाळीसहून अधिक जनुके ज्ञात असून त्यांच्या नावांत 'एक्सए' ही अक्षरे व क्रमांक असतो.

शत्रूची ओळख

वनस्पतींच्या शरीरात संचार करणाऱ्या संरक्षक पेशी नसतात. प्रत्येक पेशीला स्वतःचे रक्षण करावे लागते. एक्सए-२१ हे जनुक माली देशातील ओरायझा लाँगिस्टॅमिनाटा या रानटी भातातून मिळाले. पामेला रोनाल्ड यांच्या गटाने १९९५ मध्ये ते वेगळे केले. या जनुकापासून बनणारे ग्राही प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर जिवाणूचे रॅक्सएक्स हे लहान प्रथिन ओळखते आणि आत संरक्षणाचा संदेश पाठवते.

अप्रभावी जनुके

जिवाणू आपली काही प्रथिने वनस्पतीच्या पेशीत सोडतो. ती केंद्रकात जाऊन स्वीट-११ हे शर्करावाहक जनुक चालू करतात. पेशीतील साखर बाहेर येते व जिवाणूला मिळते. एक्सए-१३ हे याच जनुकाचे बदललेले रूप आहे. त्याच्या नियंत्रक भागातील बदलामुळे जिवाणूचे प्रथिन तेथे चिकटू शकत नाही. एक्सए-५ मध्ये जनुके चालू करणाऱ्या यंत्रणेतील एका प्रथिनातच बदल झालेला असतो. ही दोन्ही जनुके अप्रभावी असल्याने आईवडील दोघांकडून मिळाली तरच उपयोगी पडतात.

सापळा

एक्सए-२७ ची रीत उलट आहे. जिवाणूचे प्रथिन हे जनुक चालू करते, आणि त्यातूनच रोपाचा प्रतिकार सुरू होतो.

वाणनिर्मिती

एकाच जनुकावर विसंबल्यास जिवाणूचे नवे प्रकार त्यावर मात करू शकतात. म्हणून अनेक जनुके एकाच वाणात आणली जातात. हैदराबादमधील भात संशोधन संस्था व पेशीय आणि रेण्वीय जीवविज्ञान केंद्र यांनी एक्सए-५, एक्सए-१३ व एक्सए-२१ ही तिन्ही जनुके सांबा मसुरीत आणली. हा सुधारित वाण २००८ मध्ये प्रसारित झाला. तो संकर व रेण्वीय चिन्हकांच्या साहाय्याने केलेल्या निवडीतून तयार झाला असून जनुकीय अभियांत्रिकीतून नव्हे.