वर्गात एक मूल इंग्रजी शिकणारे, तरी शिक्षकाला लागतो वेगळा परवाना

कॅलिफोर्नियात सरकारी शाळेत मुलाचे नाव घालताना घरच्या भाषेचा फॉर्म भरावा लागतो. तिथे ‘मराठी’ लिहिले, की ३० दिवसांत मुलाची ‘एल्पॅक’ ही इंग्रजीची चाचणी होते. त्यात ते कमी पडले, तर ‘इंग्लिश लर्नर’ अशी नोंद होते आणि शिक्षकाची पात्रताही तपासली जाते.

वर्गात असे एकच मूल असले, तरी शिक्षकाकडे ‘इंग्लिश लर्नर ऑथरायझेशन’ हवे. मग तो गणित का शिकवत असेना. नव्या शिक्षकांना ते मूळ परवान्यासोबतच मिळते. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी ‘क्लॅड’ प्रमाणपत्र घ्यायचे. त्यासाठी एकतर ठरलेला अभ्यासक्रम करायचा किंवा ‘सीटेल’ परीक्षेचे तीन पेपर द्यायचे. त्यात भाषा कशी घडते, मुलाची प्रगती कशी मोजायची, त्याच्या घरची संस्कृती वर्गात कशी सामावून घ्यायची, असे विषय येतात. फर्डे इंग्रजी येते म्हणून भागत नाही, हे बरेच! मुलांच्या भाषेतूनही शिकवायचे, तर द्विभाषिक परवाना वेगळा.

यामागे १९७४चा ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ खटला आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील सुमारे १,८०० चिनी वंशाच्या मुलांना इंग्रजीसाठी काहीच मदत मिळत नव्हती. सगळ्यांना सारखीच पुस्तके दिली म्हणजे समान संधी दिली असे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले. मदत कशी करायची, हे मात्र सांगितले नाही; परवान्याचे नियम राज्याने नंतर केले.

शिक्का नको म्हणून फॉर्मवर ‘इंग्रजी’ लिहिले, तर चाचणी टळते. गरज असलेल्या मुलाची हक्काची मदतही जाते.